फोमची गादी किती वर्षं टिकते? वॉरंटी कार्ड ठेवा बाजूला, वजनकाटा आणा

दुकानात विचारलं की एकच उत्तर मिळतं, "दहा वर्षं बघायला नको मॅडम". ऑनलाइन घ्यायला गेलं तरी तेच, मोठ्या अक्षरात १० वर्षं वॉरंटी, आणि इकडे शेजारच्या काकू सांगतात आमची तर तिसऱ्याच वर्षी बसली. गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात. "फोमची गादी" या एका नावाखाली इतका वेगवेगळा माल विकला जातो की सगळ्याला मिळून एक आकडा सांगणं शक्यच नाही, पण तुमच्या घरात जी आहे किंवा जी घ्यायचा विचार चाललाय ती साधारण किती चालेल हे मात्र घरबसल्या काढता येतं, त्याला एक वजनकाटा, एक पट्टी आणि गादीच्या लांबीला पुरेल एवढा दोरा एवढंच लागतं.

आधी ढोबळ हिशोब सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. रोज रात्री झोपायची गादी, नीट सपाट पलंग, साधारण अंगाची माणसं, असं धरा. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे दुकानात ज्याला नुसतं "फोम" म्हणतात तो, २८ डेन्सिटीच्या (म्हणजे फोम किती दाट आहे तो आकडा, पुढे सांगते) आसपासचा असेल तर ३ ते ५ वर्षं. ३२ चा असेल तर ५ ते ७. ४० किंवा त्याच्या वरचा एचआर फोम, म्हणजे हाय रेझिलिअन्स, दाबला की चटकन वर येणारा, असेल तर ७ ते १०. चांगला मेमरी फोम, म्हणजे अंगाचा आकार घेऊन हळूच वर येणारा, तो पण ७ ते १०, पण त्याच्या खाली काय लावलंय त्यावर बरंच आहे. रिबॉन्डेड, म्हणजे कारखान्यातले फोमचे कातरण चिकटवून दाबून केलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा जो असतो तो, ८-१० वर्षं सहज जातो पण कडक असतो, नुसता त्याच्यावर झोपणं सगळ्यांना जमत नाही. नैसर्गिक लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेला, १० ते १५. आणि ते पांढरं, हलकं, पॅकिंगच्या शीटसारखं दिसणारं इपीई फोम, ते रोजच्या झोपेला २-३ वर्षांपलीकडे धरूच नका, पाहुण्यांसाठी ठीक आहे.

एक गोष्ट लगेच सांगते, बऱ्याच घरांत ज्याला फोमची गादी म्हणतात ती आतून काथ्याची असते, रबर मारलेला काथ्या मधे आणि वर-खाली इंचभर फोम. चेन उघडून एकदा बघा. काथ्या वेगळ्या पद्धतीने बसतो, तो दबला की दबलाच, त्यामुळे खालची सगळी चर्चा त्याला जशीच्या तशी लागू नाही.

वजन करा, खरंच करा

गादी किती टिकणार हे सगळ्यात जास्त कशावर अवलंबून असेल तर फोमच्या डेन्सिटीवर. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किती किलो वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो, बास, याच्यात गूढ काही नाही. लोक याला कडकपणा समजतात ते चुकीचं आहे. ४० डेन्सिटीचा फोम मऊ पण बनवता येतो आणि २८ चा कडक पण बनवता येतो, दुकानात हाताने दाबून तुम्हाला फक्त कडकपणा कळतो, आयुष्य नाही कळत. म्हणून तर शोरूममधे पाच मिनिटं आडवं पडून घेतलेली गादी दोन वर्षांनी दगा देते. जास्त डेन्सिटी म्हणजे तेवढ्याच जागेत माल जास्त, रोज रात्री दाबलं जाऊन परत वर यायचं काम वाटून घ्यायला फोम जास्त.

हिशोब असा. गादीची लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजा, तिघांचा गुणाकार करा, त्याला ६१,००० ने भागा, घनमीटर आले. त्याला डेन्सिटीने गुणलं की वजन किलोत. उदाहरणार्थ ७२ बाय ३६ ची ५ इंची सिंगल गादी. गुणाकार १२,९६०, भागिले ६१,००० म्हणजे ०.२१२ च्या जवळपास. ३२ डेन्सिटी असेल तर आतल्या फोमचं वजन ६.८ किलो हवं, ४० असेल तर ८.५ किलो. ७८ बाय ७२ ची ६ इंची डबल घेतली तर ३२ ला साधारण १७.७ किलो आणि ४० ला २२ किलो. आता दुकानदार "४० डेन्सिटी आहे" म्हणतोय आणि सिंगल गादी साडेपाच किलोच भरतेय, तर मग तो काय म्हणतोय याला काही अर्थ नाही. सिंगल गादी उचलून बाथरूमच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. डबलला दोन माणसं लागतात किंवा मग सामानाचा हुकवाला काटा. कव्हरचं वजन त्यात येतंच, क्विल्टिंग, म्हणजे कव्हरमधे शिवलेला फोमचा थर, जाड असेल तर एक-दोन किलो सहज जातात, चेन असेल तर कव्हर काढूनच करा.

दुकानात काटा काढलात तर लोक जरा बघतात तुमच्याकडे. बघू देत. कापून देणारे जे फोमवाले असतात ना, गादी कारखाना अशी पाटी लावलेले, ते तर स्वतःच वजनावर माल आणतात, त्यांना यात काही विचित्र वाटत नाही.

पण एक मेख आहे. स्वस्त फोममधे वजन वाढवायला खडूची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट भरतात. काट्यावर ४० दिसतं आणि फोम असतो २५ चा. हे ओळखायचं तर कोपऱ्यातला फोम दोन बोटांत धरून जोरात चोळा, बोटांवर पांढरी भुकटी आली, किंवा चिमटीत धरून ओढल्यावर पावासारखा तुटला, की समजायचं. दुसरं म्हणजे मूठ दाबून सोडा, साधा किंवा एचआर फोम पटकन वर आला पाहिजे. (मेमरी फोम हळूच येतो, त्याचं कामच ते आहे, त्याला ही परीक्षा लावू नका.) भरणा केलेला फोम आळसावल्यासारखा वर येतो आणि बोटांची खूण थोडा वेळ राहते.

आणि रिबॉन्डेडची डेन्सिटी ९०-१०० अशी सांगतात ती ऐकून हुरळून जाऊ नका, ती वेगळ्याच मालाची मोजणी आहे, ४० एचआरशी तुलना करायचा आकडा नाही तो. मेमरी फोमचं पण तसंच, त्यात ५० च्या आसपास ही सुरुवात धरतात, त्याच्या खूप खाली असेल तर तो फार दिवस मेमरी ठेवत नाही.

जाड गादी म्हणजे टिकाऊ गादी नाही

८ इंच, १० इंच अशा गाद्या बघून वाटतं की काय भक्कम आहे. पण बसतो तो सगळ्यात वरचा थर. ८ इंची गादीत खाली ५ इंच चांगला कडक फोम, त्यावर २ इंच मऊ, आणि कव्हरमधे शिवलेला इंचभर एकदम हलका फोम, अशी रचना असते, खालचे ५ इंच बारा वर्षं चालतील पण वरचे ३ इंच चौथ्या वर्षी गेले तर तुमच्या पाठीसाठी गादी गेलीच. म्हणून घेताना विचारायचं ते हे, की वरच्या थराची डेन्सिटी काय. बहुतेक सेल्समन बेसचीच सांगतात. आणि जमलं तर अशी गादी घ्या जिचे थर सुटे आहेत, चेनच्या कव्हरमधे एकावर एक ठेवलेले, चिकटवलेले नाहीत. मग पाच वर्षांनी फक्त वरचा २ इंचाचा थर बदलला की गादी परत उभी राहते. आख्ख्या गादीपेक्षा कितीतरी स्वस्तात पडतं ते.

अंगाने जड माणसं असतील, ९० किलोच्या वर वगैरे, तर ४० च्या खाली बघूच नका, आणि वर दिलेल्या वर्षांतून दोनेक वर्षं वजा करा. लहान मुलांचं उलट, २०-२५ किलोच्या पोराला ३२ ची ४-५ इंची गादी वरच्या हिशोबापेक्षा जास्त पुरेल, अट एकच, तो तिच्यावर उड्या मारत नसेल, म्हणजे अट पाळली जाणार नाही ते सोडा. घरात म्हातारी माणसं असतील तर जाडीचा आणखी एक विचार करा, बॉक्स बेड आधीच उंच, त्यावर १० इंची गादी, मग आजींचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि त्या रोज कडेवर घसरत उतरतात, कडा तिथेच बसते.

कडेवरून आठवलं. आपल्याकडे, खासकरून वन बीएचकेत, पलंग हाच सोफा असतो. कडेला बसून चहा, कडेला बसून मोजे, पाहुणे आले की चौघं एका कडेला. गादी झोपायच्या जागेआधी कडेने मरते. बसायची बाजू अधूनमधून बदलत राहा, गादी फिरवलीत की आपोआप बदलते.

खालचं लाकूड बघितलंत का

गादीत खड्डा पडला म्हणून आरडाओरडा होतो आणि कित्येकदा खड्डा गादीत नसतोच, पलंगाच्या प्लायमधे असतो. स्टोरेजवाल्या बॉक्स बेडचं झाकण, पातळ प्लाय, मधोमध आधार नाही, दोन-तीन पावसाळ्यात ती वाकते आणि फोम बिचारा तिच्या आकाराचा होतो. लोखंडी कॉटची जाळी किंवा पट्ट्या सैल झाल्या की तेच. लाकडी पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ इंचांच्या आत हवं, जास्त असेल तर फोम त्या फटींत उतरतो आणि खालून चर पडतात. क्वीन आणि किंग साइजला मधे पाय हवाच, चार कोपऱ्यांवर ७८ बाय ७२ ची गादी आणि दोन माणसं तोलली जात नाहीत.

गादी काढून उघड्या प्लायवर दोरा ताणून बघा, कसा ते खाली सांगते. प्लाय वाकलेली असेल तर आधी सुताराला बोलवा, नवीन गादी नंतर. नाहीतर नवीन पण त्याच खड्ड्यात जाईल.

पाऊस, घाम आणि ऊन

हा मुद्दा जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडे गाद्या वापरून कमी आणि दमटपणाने जास्त जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

ओल आणि उष्णता एकत्र आली की फोमची परत वर यायची ताकद कमी होते. दाबलेला फोम दमट हवेत तसाच दाबलेला राहिला तर तो पूर्ण उंचीवर येत नाही, आणि आपण रोज रात्री नेमकं तेच करतो, अंगाची ऊब, घाम, वरून सात-आठ तास वजन. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इकडे जुलै-ऑगस्टमधे हवाच इतकी ओली असते की गादी दिवसा पण वाळत नाही. त्यामुळे त्याच कंपनीची तीच गादी नगरला जितकी चालेल तितकी मालवणात चालेलच असं नाही. विदर्भात वेगळाच प्रकार, मेमरी फोम गरमीत मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो, त्यामुळे मे महिन्यात नागपुरात ती गादी आत ओढून घेते आणि डिसेंबरात तीच गादी फळीसारखी लागते. खराब झाली म्हणून घाबरू नका, ऋतू बदलला की परत जागेवर येते.

करायचं काय तर सोपं आहे. सकाळी उठल्या उठल्या चादर ताणून पलंगपोस घालून मोकळं व्हायची सवय सोडा, निदान अर्धा-पाऊण तास गादी उघडी ठेवा, पंखा चालू राहू दे. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, जरा उघडीप असेल त्या दिवशी, गादी भिंतीला तिरकी उभी करून दोन तास पंख्याखाली ठेवा, आणि ओल येणाऱ्या भिंतीला नाही, कोरड्या भिंतीला. बॉक्स बेडच्या प्लायला सुताराकडून इंचभराची आठ-दहा भोकं पाडून घ्या, आतल्या रजयांना पण बरं. जमिनीवर गादी टाकून झोपणारे, पुण्यात रूम करून राहणारी सगळी पोरं यात आली, त्यांनी गादी रोज सकाळी उचललीच पाहिजे. फरशी थंड, अंग गरम, मधे घामाची वाफ, पंधरा दिवसांत खालच्या बाजूला काळे ठिपके दिसायला लागतात. बुरशी एकदा फोमच्या आत गेली की निघत नाही, वरून पुसून फक्त दिसायची थांबते.

आणि कंपनीने गुंडाळून दिलेलं ते प्लास्टिक! ते काढा हो. गादी खराब होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवणारी घरं आहेत, त्याच्यावर चादर घालून झोपतात, आत घाम कोंडतो आणि ज्यासाठी ठेवलं तेच होतं. बाळ असेल तर बाळापुरतं मेणकापड ठीक आहे. आख्ख्या गादीसाठी वॉटरप्रूफ प्रोटेक्टर मिळतो, वर कापड आणि आत पातळ लेयर असलेला, तो घ्या, धुता येतो. गादीच्या आयुष्यात सगळ्यात जास्त भर घालणारी वस्तू तीच आहे.

आता ऊन. कापसाच्या गाद्या आपण उन्हाळ्यात गच्चीवर टाकायचो, काठीने झोडायचो, दोन-चार वर्षांनी पिंजून घ्यायचो, आणि आईची पिढी फोमची गादी पण त्याच उत्साहाने गच्चीवर नेते. नका नेऊ. थेट उन्हात पीयू फोम पिवळा पडतो आणि वरून कुरकुरीत होऊन भुगा सुटायला लागतो, लॅटेक्सला तर ऊन अजिबातच चालत नाही. खिडकीतून रोज ऊन पडतं तिथे पण जाड पलंगपोस घाला. हवा द्यायची ती सावलीत. झोडायची तर नाहीच.

काही सांडलं तर पाणी ओतून धुऊ नका, फोमच्या आत गेलेलं पाणी तीन-तीन दिवस निघत नाही. कोरडा टॉवेल दाबून दाबून ओल ओढून घ्या, घासू नका. मग पंखा. वास राहिला तर खायचा सोडा भुरभुरून तीन-चार तास ठेवून व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने काढा. पोराने शू केली असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमधे निम्मं पाणी घालून हलकं फवारा, टिपून घ्या, आणि वाळल्यावर सोडा. हळदीच्या डागाचं मला विचारू नका.

पाडवा आणि दसरा

गादी फिरवायची, म्हणजे डोक्याकडची बाजू पायाकडे. उलटी करायची ती फक्त जिला दोन्ही बाजू वापरायच्या आहेत तीच, लेबलवर लिहिलेलं असतं. मेमरी फोमवाली उलटी केली तर मऊ थर खाली आणि तुम्ही कडक बेसवर.

किती दिवसांनी फिरवायची हे कॅलेंडरवर कोण लिहून ठेवणार, म्हणून सणांना बांधून टाका. पाडवा आणि दसरा, बरोब्बर सहा-सहा महिन्यांचं अंतर पडतं आणि साफसफाई तशीही निघालेलीच असते. नवीन गादी असेल तर पहिल्या वर्षी संक्रांत आणि आषाढी पण धरा, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी झाली. पहिलं वर्षं महत्त्वाचं कारण फोमचा कडकपणा सुरुवातीच्या महिन्यांत जितका उतरतो तितका नंतर वेगाने उतरत नाही. सहा महिन्यांत गादी थोडी मऊ वाटायला लागली तर ती खराब झालेली नाही, ती मुरलीय. मात्र उंचीच कमी झाली असेल तर वेगळी गोष्ट.

दसऱ्याला फिरवताना खालची बाजू नीट बघा, पावसाळ्याने काय केलंय ते तिथे दिसतं. शिवणीच्या कडेने काळे बारीक ठिपके रांगेत दिसले तर ते बुरशीचे पण असू शकतात आणि ढेकणांचे पण, शिवण बोटाने उलगडून बघा.

गुंडाळून बॉक्समधे येणारी गादी घेतली असेल तर ती आल्या आल्या उघडा. घर लागायचंय म्हणून दोन-तीन महिने तशीच बॉक्समधे ठेवलेली गादी पूर्ण फुगेलच असं नाही. उघडल्यावर एक ते तीन दिवस द्या आणि खिडक्या उघड्या ठेवा, नवीन फोमचा वास असतो तो जातो. घर बदलताना गादी मधे दुमडून सुतळीने करकचून बांधतात तेव्हा तिथे उभं राहा आणि बांधू देऊ नका, मेमरी फोम त्या घडीवर आतून चिरतो.

दोऱ्याची परीक्षा

आता घरातल्या गादीचं किती उरलंय ते बघू. रविवारी दुपारी करा, म्हणजे सकाळपासून गादीवर कोणी बसलेलं नसेल अशा बेताने. चादर, प्रोटेक्टर सगळं काढा. शिवणकामाचा दोरा किंवा गवंड्याचं सूत घ्या, दोघांनी गादीच्या आडव्या दोन कडांवर टेकवून ताणून धरा, जिथे कंबर येते त्या रेषेत. दोरा मधे गादीला टेकता कामा नये असं नाही, पण ताणलेला हवा. सगळ्यात खोल जिथे दिसतंय तिथे पट्टी उभी धरून दोऱ्यापासून गादीपर्यंत किती मिलिमीटर ते बघा, फोमला पट्टीने दाबू नका. मग तसंच खांद्याच्या रेषेत, आणि मग लांबीत, डोक्यापासून पायापर्यंत. कडाच बसलेल्या असतील तर दोरा फसवतो, तेव्हा पट्टीने कडेची जाडी मोजा आणि घेतली तेव्हाच्या जाडीशी ताडून बघा. त्यानंतर गादी बाजूला करून हेच सगळं प्लायवर.

१० मिलिमीटरपर्यंत असेल तर काही नाही, फिरवत राहा. १० ते २५ म्हणजे म्हातारपण सुरू झालं, एक-दोन वर्षं निघतील, पैसे बाजूला टाकायला लागा. २५ च्या पुढे गेलं की पाठ आधी बोलते मग दोरा बोलतो. आणि प्लायवरच १५ निघाले तर गादीच्या आकड्यातून तेवढे वजा करून परत विचार करा, निम्मा दोष सुताराचा आहे.

दोऱ्याशिवायच्या खुणा पण आहेत. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली आणि तासाभरात मोकळी होतेय, गावाला किंवा हॉटेलात झोपलं की त्रास नाही, घरी आलं की परत सुरू. रात्री दोघंही झोपेत मधे घरंगळतात. कूस बदलताना वर चढून आल्यासारखं वाटतं. चेन उघडली की तळाशी पिवळा भुगा साचलेला. यातलं काहीच नसेल आणि गादी बारा वर्षांची असेल तर उगाच कोणी सांगितलं म्हणून फेकू नका. पाहुण्यांच्या खोलीतली गादी वर्षातून महिनाभर वापरली जाते, तिचं वय झोपलेल्या रात्रींवर मोजायचं. दुखणं गादी बदलून पण गेलं नाही तर मात्र डॉक्टरला दाखवा, तिसरी गादी घेऊ नका.

वॉरंटी कार्डवर काय लिहिलंय

बारीक अक्षर वाचा. वॉरंटी साधारणपणे खड्डा ठराविक खोलीच्या पुढे गेला तरच लागू होते, बरेचदा १ ते दीड इंच, म्हणजे २५ ते ३८ मिलिमीटर, आणि तेही वर कोणी झोपलेलं नसताना. म्हणजे २० मिलिमीटरच्या खड्ड्याने तुमची कंबर धरली तरी कंपनीच्या लेखी गादी ठणठणीत आहे. नुसता मऊपणा वॉरंटीत येत नाही. डाग असला की बहुतेक ठिकाणी दावा तिथेच संपतो, पलंग योग्य नसेल तरी संपतो. बरीच कार्डं अशी असतात की पहिली काही वर्षं पूर्ण बदलून आणि पुढे वर्षागणिक तुम्ही थोडे थोडे पैसे भरायचे, सातव्या-आठव्या वर्षी तुमचा वाटा इतका होतो की नवीनच घ्यावीशी वाटते. बरं, एवढी मोठी गादी नेण्या-आणण्याचा खर्च, तो पण कोणाचा ते बघून ठेवा.

बिलाचा फोटो आजच काढा, थर्मल कागदावरचं बिल दोन वर्षांत कोरं होतं. लेबल कापू नका. आणि दोऱ्याच्या परीक्षेचे दरवर्षीचे फोटो, पट्टीवरचा आकडा दिसेल असे, त्याच फोल्डरमधे टाकत जा, तक्रार करायची वेळ आली तर त्याच्याइतकं काही कामाला येत नाही.

बसलेल्या गादीचं काय

टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा वेगळा पातळ थर, घालू का असं सगळे विचारतात. गादी कडक वाटते म्हणून टॉपर असेल तर हो, खड्डा पडलाय म्हणून असेल तर नाही, टॉपर खड्ड्याच्या आकाराचा होतो आणि दोन महिन्यांत तुम्ही परत तिथेच. तात्पुरतं म्हणून खड्ड्याखाली, गादीच्या खालून हां, वरून नाही, जुनी चादर घडी करून सरकवा, महिना दोन महिने निभावतं. थर सुटे असतील तर वरचा बदला. चिकटवलेले असतील तरी चांगला फोमवाला वरचे २ इंच कापून नवीन एचआर लावून देतो, खालचा फोम चांगला असेल तरच, आणि काम करून घेताना समोर उभं राहा.

अगदीच गेली असेल तर टाकणं हा एक उद्योग आहे. रात्री गुपचूप नाक्यावर ठेवून येऊ नका, पावसात भिजून ती गटाराच्या तोंडाशी जाते. सोसायटीत कचरा घेणाऱ्या ताईंना किंवा वॉर्ड ऑफिसला आधी विचारा मोठं सामान कधी नेतात ते. फोम स्वच्छ असेल तर कापून लोड-तक्के, उशा, कुत्र्याचं अंथरूण निघतं, आणि काही फोमवाले रिबॉन्डेडसाठी जुना कोरडा फोम घेतात, फोन करून विचारायला काय जातंय. जाळायचा विचार तर मनातही आणू नका, पीयूच्या धुरात सायनाइडचा वायू असतो, शेकोटीत एक तुकडा पण नको. आणि ढेकूण झाले म्हणून टाकत असाल तर प्लास्टिकमधे गुंडाळून वर मार्करने मोठ्ठं "ढेकूण आहेत" लिहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती कोणाच्या तरी घरात गेलेली असते.